वाडीतलं ट्रॅक्टर वर्कशॉप : वेल्डिंगला नाही म्हणणारे मिस्त्री

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेसाठी यंदा सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला. सीटमागच्या रोलबारवर, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या लोखंडी चौकटीवर, रंगाचा जाड थर दिसला, म्हणून नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीतल्या या वर्कशॉपमध्ये तपासायला नेला. मिस्त्रींनी दोन्ही खांबांवरचा रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा जोड! फांद्यांना अडतो म्हणून आधीच्या मालकानं रोलबार कापून वीतभर बुटका करून घेतला होता. वर छत बसवायला भोकंही पाडलेली.

मी विचारलं, मधे पाइपचा तुकडा टाकून उंची परत वाढवता येईल का? "नाई भाऊ, हे मी जोडून देत नाई. ट्रॅक्टर पलटला तं माणूस जाईन, अन् बोट माह्या वेल्डिंगवर येईन." दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतानाही त्यांनी मला कारण नीट समजावलं. ट्रॅक्टर उलटला की ही चौकट ठरावीक बेतानं वाकून धक्का पचवते आणि ड्रायव्हरभोवती जागा राखते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळचं लोखंड बदलतं, तिथून ते तुटू शकतं. उंची कमी केली तर डोकंच त्या जागेबाहेर जातं. जास्तीचा पाइप लावून मजबूत केलेली चौकटही धोक्याचीच, कारण कंपनीनं चाचणी घेतलेली ती चौकट उरत नाही. शिवाय सीटबेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली. आपल्याकडे मात्र ती गॅस कटरनं उतरवतात, याची मला खरंच चीड येते.

त्यांनी आमच्या मॉडेलची, घडी होणारी चौकट कंपनीकडून मागवली. दाट फांद्यांखाली तेवढ्यापुरती खाली करायची, बाहेर पडलं की लगेच उभी करून पिन लावायची. खाली असताना तिचा आधार नसतो, म्हणून तेव्हा बेल्ट बांधायचा नाही, हेही बजावलं. बोल्ट कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचे, डोक्यावरचा ८.८ चा आकडा मला दाखवून मग कसले. पीटीओचं, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टचं, काढून टाकलेलं कव्हरही नवं बसवलं. ५४० आरपीएमचा शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो, त्यात धोतराचं किंवा दुपट्ट्याचं टोक सापडलं तर सोडवायलाही वेळ मिळत नाही.

खर्च वेल्डिंगच्या कितीतरी पट झाला. सुटा भाग यायला वेळ लागला, फोन उचलत नाहीत, बसायला सावली नाही. तरी मी इथेच जाईन. आमचा ट्रॅक्टर पगारी ड्रायव्हर चालवतो. त्याला काही झालं तर पोलीस आणि विमावाले आधी मलाच विचारणार, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. इथलं बिल पक्कं असतं, चौकटीचा पार्ट नंबर त्यावर लिहून मिळतो. तो मागून घ्या, आणि आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवा.