स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल: अंबडच्या वर्कशॉपमधले आठ महिने

गेल्या वर्षी चाकणच्या एका कंपनीच्या पर्चेसमधून फोन आला. "मॅडम, कोटेशन काल संध्याकाळपर्यंत हवं होतं. आम्ही एन्क्वायरी क्लोज केली." कोटेशन मी आदल्या दिवशी दुपारीच पाठवलं होतं, सेंटमध्ये समोर दिसत होतं. शोधल्यावर ते त्यांच्या स्पॅममध्ये सापडलं. तोवर १४ फिक्श्चरचं (मशिनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनांचं) काम दुसरीकडे गेलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं टूलरूम आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं), एक सरफेस ग्राइंडर, नऊ माणसं. मशिनं बाबा आणि दादा बघतात, ऑफिस आणि हिशेब माझ्याकडे. आमच्यासारख्यांचा सगळा धंदा ईमेलवर चालतो: एन्क्वायरी, ड्रॉइंग, कोटेशन, पीओ (पर्चेस ऑर्डर), इन्स्पेक्शन रिपोर्ट, पेमेंट ॲडव्हाइस. तरी व्हीएमसीच्या स्पिंडलची जेवढी काळजी घेतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही ईमेलची घेत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल.

आधी आमच्याकडे दोन पत्ते होते. एक बाबांचं जीमेल, आणि दुसरा वेबसाइटच्या होस्टिंगसोबत (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेसोबत) आमच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावर, मिळालेला 'इन्फो'चा पत्ता. कोटेशन अडकलं ते या दुसऱ्यावरून पाठवलेलं. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात. त्यातल्या एकाने कचरा मेल पाठवले की सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदनाम होतो आणि त्याची शिक्षा सगळ्यांना होते. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तिन्ही रेकॉर्ड, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी (पुढे सांगते), सक्तीची झाली. आम्ही दिवसाला पन्नासही पाठवत नाही, पण किमान ओळख पटवणं छोट्यांनाही चुकत नाही. आमच्या डोमेनवर धड काहीच नव्हतं.

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल असे तीन पर्याय पाहिले आणि झोहो घेतलं. कारण पैशाचं होतं. आम्हाला वर्ड-एक्सेलचा अख्खा संच नको होता, चार पेट्या हव्या होत्या. झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये एका डोमेनवर पाच जण आणि प्रत्येकी ५ जीबी जागा मिळते, पण आयमॅप (आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल आणायची सोय) नसतं. म्हणजे मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या ॲपमध्येच बघायचा. बाबांना वर्षानुवर्षं आउटलुकची सवय, त्यामुळे दोन महिने फुकट वापरून आम्ही माणशी दरमहा शंभर रुपयांच्या आतला पेड प्लॅन घेतला. कंपनी चेन्नईची, आणि भारतातल्या खात्यांचा डेटा भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये राहतो, हेही मला बरं वाटलं.

पण सेवा निवडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. आमचे खरे तीन आठवडे गेले ते डोमेन स्वतःच्या नावावर करून घेण्यात.

सहा वर्षांपूर्वी ज्या मुलाने वेबसाइट करून दिली त्याने डोमेन त्याच्याच खात्यावर, त्याच्याच नावाने घेतलं होतं. आम्ही दरवर्षी त्याला पैसे देत होतो आणि डोमेन आपलं आहे असं समजत होतो. त्याच्या मनात खोट नव्हती. फोन केला तर सहज म्हणाला, "ताई, सगळ्या क्लायंटचं माझ्याच अकाउंटला आहे, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" पण तो आता पुण्याला नोकरीला लागलाय. उद्या त्याने फोन नंबर बदलला, किंवा त्याचं ते खातंच बंद पडलं, तर आमच्या गाळ्यावरच्या पाटीवरचं नाव इंटरनेटवर दुसऱ्या कुणाचं झालं असतं. डोमेन कंपनीला तिकीट टाकलं तर उत्तर एकच, "खातेधारकाशी संपर्क साधा." त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. कागदोपत्री मालक तो होता.

करायचं इतकंच असतं. जुन्या खात्यात डोमेनचं लॉक काढायचं, ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) घ्यायचा, तो नव्या कंपनीकडे आपल्या खात्यात टाकायचा. डॉट कॉम असेल तर ट्रान्सफरला आठवडाभर धरा, आणि त्या पैशात मुदत एक वर्षाने वाढते, म्हणजे ते वाया जात नाहीत. नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम ६० दिवस हलवता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्या मुलाला कोड काढायला मुहूर्त सापडत नव्हता, म्हणून तीन आठवडे लागले. शेवटी एका रविवारी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तो कोड काढेपर्यंत फोन ठेवलाच नाही. तुमचं डोमेन कुणाच्या खात्यावर आहे हे आज विचारा. संबंध गोड आहेत तोवर विचारलेलं बरं.

आमच्या गाळ्याला शनिवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मेल झोहोवर हलवायचं ठरवलं. दोन दिवस आधी डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदींच्या वहीतला) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, १४४०० वरून ३०० सेकंदांवर आणून ठेवला, म्हणजे बदल चार तासांऐवजी पाच मिनिटांत पसरतो. मग झोहोच्या पॅनेलमधून रेकॉर्ड कॉपी करून नव्या डोमेन कंपनीच्या पॅनेलमध्ये टाकले. तासभर काहीच झालं नाही. रात्री दहाला लक्षात आलं की डोमेन आमच्या खात्यात आलं तरी नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथून वाचल्या जातात ते सर्व्हर) अजून जुन्या होस्टिंगचेच होते. मी पत्र लिहीत होते आणि ते भलत्याच पोस्टाच्या पेटीत टाकत होते. वेबसाइटचा ए रेकॉर्ड (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ती नोंद) आणि बाकीचे जुने रेकॉर्ड आधी इकडे उतरवून घेतले, नेमसर्व्हर बदलले, आणि पहाटे पडताळणी झाली.

झोहोचे एमएक्स (आलेला मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणाऱ्या नोंदी) तीन असतात, प्राधान्य १०, २० आणि ५०. आकडा जितका लहान तितका तो सर्व्हर आधी. जुने एमएक्स पुसायचे, नाहीतर काही मेल तिकडेच जात राहतात. इथे एक गोष्ट जपा. नेटवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये झोहोचे डॉट कॉमचे पत्ते दाखवतात, भारतातल्या खात्याला डॉट इनचे लागतात. व्हिडिओ बघून टाइप करू नका, स्वतःच्या पॅनेलमधून कॉपी करा.

शनिवारी सकाळी पहिला मेल स्वतःच्याच जीमेलला पाठवला. पोचला. आनंदात मी बाबांना हाक मारली. मग जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' उघडलं. वर छोटा तक्ता येतो. एसपीएफ: परमएरर (नोंदीतच चूक). डीकेआयएम: फेल.

एसपीएफमध्ये आपण जगाला सांगतो की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे. एका डोमेनला असं एकच रेकॉर्ड चालतं. जुन्या होस्टिंगचं आधीच होतं, मी झोहोचं दुसरं टाकलं, आणि दोन झाल्यावर समोरचा सर्व्हर दोन्ही रद्द धरतो. दोन्हींमधलं लागेल तेवढं एकाच ओळीत आणायचं असतं. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअरही आमच्या नावाने ग्राहकांना इनव्हॉइस पाठवतं, तेही त्याच ओळीत घ्यावं लागलं. या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांची मर्यादा दहा आहे, म्हणून पुढे लागेल म्हणून काहीही कोंबत बसू नका.

डीकेआयएमची चूक शोधायला दोन तास लागले. यात प्रत्येक मेलवर आपली डिजिटल सही होते आणि सही तपासायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची असते. झोहोने दिलेलं पूर्ण नाव मी जसंच्या तसं टाकलं, पण आमचं पॅनेल प्रत्येक नावापुढे डोमेन आपोआप जोडतं. त्यामुळे शेवटी डोमेन दोनदा लागलं होतं. सेव्ह केल्यावर पॅनेलमध्ये नाव अर्धवट दिसतं, म्हणून डोळ्याला कळत नाही. नावातून डोमेनचा भाग काढला, दहा मिनिटं थांबले, पुन्हा मेल पाठवला. एसपीएफ: पास. डीकेआयएम: पास. मी त्या तक्त्याचा फोटो काढून ठेवलाय.

यानंतर सगळं झालं असं वाटलं, पण बारा दिवसांनी सिन्नरच्या एका गृहस्थांचा फोन आला. वेबसाइटवरचा फॉर्म दोनदा भरला, कुणी उत्तर देत नाही. फॉर्मचे मेल नव्या पेटीत येतच नव्हते. कारण असं, की फॉर्म जुन्या होस्टिंगवर आहे आणि त्या सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनच्या पेट्या अजून आपल्याच घरात आहेत. तो बाहेर एमएक्स बघायलाच जात नव्हता, मेल घरच्या घरी जुन्या पेटीत टाकत होता. होस्टिंगच्या ईमेल रूटिंगमध्ये 'लोकल'चं 'रिमोट' करायचं, एवढंच. हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं. जुन्या पेटीत सात एन्क्वायरी निघाल्या. पाच जणांना फोन करून माफी मागितली, दोघांनी तोवर काम दिलेलं होतं.

डीमार्क मी घाई न करता लावलं. एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते यात ठरतं. पहिले सहा आठवडे 'नन' ठेवलं, म्हणजे अडवू नका, फक्त मला कळवा. रोज गूगल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंकडून झिप केलेल्या एक्सएमएल फायली येतात. उघडून बघितल्या तर घाबरायला होतं, पण बघायचं दोनच: मेल कोणत्या आयपीवरून गेले आणि पास झाले की नापास. त्यातूनच कळलं की वेबसाइटचा फॉर्म अजून आमच्या नावाने विनासहीचे मेल पाठवतोय. तो झोहोच्या एसएमटीपीवरून (मेल बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरवरून) जायची सोय केली, मग धोरण 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) केलं आणि गेल्या महिन्यात 'रिजेक्ट'. आता आमच्या पत्त्याने दुसऱ्या कुणी मेल पाठवला तर तो तपासणाऱ्या सर्व्हरच्या दारातच थांबतो.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते आहे? शेजारच्या गाळ्यातल्या काकांच्या एका ग्राहकाला काकांच्या नावाने मेल गेला, "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा." त्यांचा पत्ता फुकटच्या मेलवरचा, भामट्याने त्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलं होतं. पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर दोन दिवस उलटले होते. खरं सांगायचं तर दिसायला मिळतंजुळतं वेगळं डोमेन कुणी घेतलं तर डीमार्कही ते अडवत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक इनव्हॉइसवर छापलं आहे की खात्यात बदल झाल्यास फोनवर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

रोजच्या वापराबद्दल आता फार सांगण्यासारखं नाही, आणि ते चांगलंच आहे. कोटेशन स्पॅममध्ये गेल्याची तक्रार आठ महिन्यांत एकदाही आली नाही. 'सेल्स'चा पत्ता ग्रुप केला आहे, त्यामुळे एन्क्वायरी मला आणि दादाला एकदमच दिसते. पूर्वी बाबांच्या मोबाइलवर आलेलं ड्रॉइंग ते घरी आल्यावर मला कळायचं. मोठ्या थ्रीडी फायली ही मात्र अजून कटकट आहे. जीमेलवरून पाठवणाऱ्याला २५ एमबीची मर्यादा असतेच, त्यापुढे लिंक येते, आणि लिंकची मुदत संपायच्या आत ती उतरवून घ्यायची शिस्त आम्हाला लावून घ्यावी लागली. एका ग्राहकाचे मेल आमच्याकडे स्पॅममध्ये पडायचे. तपासलं तर त्यांच्याच डोमेनवर दोन एसपीएफ होते. मी त्यांच्या आयटीवाल्याला फोन करून सांगितलं, त्याने त्याच दिवशी दुरुस्त केलं.

जुनं जीमेल बंद केलेलं नाही आणि तुम्हीही करू नका. तिथून सगळं नव्या पेटीत फॉरवर्ड होतं. जीएसटी पोर्टल, उद्यम, बँक, पीएफ, एमआयडीसी अशा प्रत्येक ठिकाणी पत्ता बदलायला मला दीड महिना लागला. जीएसटीवर ते नॉन-कोअर अमेंडमेंटमधून (किरकोळ बदलांच्या अर्जातून) होतं, ओटीपी येतो.

एकाच ठिकाणी मात्र मी मुद्दाम जीमेलच ठेवलं आहे: डोमेन कंपनीच्या खात्याचं लॉगिन. ते जर आपल्याच डोमेनवरच्या पत्त्याने केलं आणि काही कारणाने डोमेनची मुदत संपली, तर थोड्याच दिवसांत पेटीही बंद पडते. नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही त्या बंद पेटीतच जाणार. मग डॉट कॉम रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदतीनंतरच्या सोडवणुकीच्या काळात, गेलं की ३० दिवसांच्या आत दंड भरून ते सोडवायचं. आम्ही पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, ऑटो रिन्यू लावलं, दोन टप्प्यांचं लॉगिन ठेवलं. त्याचे बॅकअप कोड छापून कॉम्प्रेसरच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) फायलीत लावलेत. ती फाइल कुठे असते ते बाबा, दादा आणि वहिनी तिघांनाही माहीत आहे.