सर्चवरून ओळखीची पानं उघडणं: दहा महिन्यांचा अनुभव

फोन घेतल्यापासून बुकमार्क मी कधी केलाच नव्हता. क्रोमच्या वरच्या पट्टीत दोन शब्द टाकायचे, पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं, पान हजर. बेदाण्याचे दर, लाईट बिल, सगळं असंच. पावसाळ्यात 'आयर्विन पूल पाणी पातळी' हे तर दिवसातून चार-पाचदा. पातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका, त्यामुळे आमच्या सांगलीच्या पाहुण्यांची काळजी लागते. पत्ता एकाही पानाचा पाठ नाही, शब्द मात्र पाठ. तेव्हा मी पाचपैकी पाच दिले असते.

मार्चमध्ये तासगावला सोसायटीत पीककर्जासाठी सातबारा हवा होता. 'डिजिटल सातबारा' टाकलं, सवयीनं पहिल्या ओळीवर बोट गेलं. गट नंबर विचारला, 150 रुपये मागितले, घाईत भरले. आला तो बिनसहीचा उतारा. सोसायटीनं परत केला. असा उतारा महाभूलेख या सरकारी साईटवर फुकट दिसतो आणि डिजिटल सहीचा सरकारी पोर्टलवर 15 रुपयांत मिळतो! परत जाऊन बघितलं तर त्या ओळीवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं. सरकारी पान तिसरं.

माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. उघडलेल्या पानाची लिंक जांभळी दिसते, मग सरकारी पानाची का नव्हती? कारण तो रंग हिस्टरीवरून ठरतो आणि क्रोम हिस्टरी 90 दिवसांचीच दाखवतो. मी मागचा उतारा ऑक्टोबरात, द्राक्षविम्यासाठी काढलेला. शेतकऱ्याची कामं वर्षाकाठी एकदा-दोनदा येतात, तोवर खूण पुसलेली असते. म्हणजे जिथं पैसे जातात तिथंच ओळख पटवायला काही उरत नाही. याचा राग अजून आहे.

रागानं सगळे बुकमार्क केले. तेही पुरतं जमलं नाही: लॉगिननंतरचं आतलं पान साठवलं होतं, पुढच्या वेळी ते उघडेचना. पहिलंच पान साठवायला हवं होतं.

एप्रिलमध्ये द्राक्षाच्या खरडछाटणीनंतर सबकेनवरचा (शेंडा खुडून बाजूची काडी वाढवण्यावरचा) एक लेख हवा होता, जुन्या फोनवर वाचलेला. 'सबकेन शेंडा सात पान' टाकलं आणि दुसऱ्याच ओळीला तोच लेख! तिथं बुकमार्क काय कामाचा?

आता पैसे भरायची तीन पानं होम स्क्रीनवर ठेवलीत, वडिलांच्या फोनवरही. बाकी सगळं सर्चवर. पाचपैकी तीन. 150 रुपये गेले नसते तर चार दिले असते.