पहिल्याला मागे टाकणारा दुसरा भाग : एज ऑफ एम्पायर्स २, काही महिने खेळून झाल्यावर

गेले काही महिने जेवणं आटोपली की मी 'एज ऑफ एम्पायर्स २' या युद्ध-डावपेचांच्या कॉम्प्युटर गेमची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, लावून बसतोय. ती २०१९ साली आली. सोबत पहिल्या भागाची २०१८ची डेफिनिटिव्ह एडिशनही पीसीवर टाकून ठेवली आहे. दोन्ही आलटून पालटून खेळल्यावर माझं मत पक्कं झालंय. दुसरा भाग सरस ठरतो तो खेळणाऱ्याची हमाली कमी करतो म्हणून. जो वेळ वाचतो तो सगळा डावपेचांना मिळतो.

सांगाडा दोन्हींचा एकच आहे. पहिला १९९७चा, दुसरा १९९९चा, दोन्ही टेक्ससमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजचे आणि दोन्ही जिनी इंजिन नावाच्या सॉफ्टवेअरवर बनलेले. व्हिलेजर (गावकरी कामगार) कामाला लावा, अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करा, चार युगं पार करा आणि समोरच्यावर चालून जा. पहिल्यात अश्मयुग ते लोहयुग, दुसऱ्यात युरोपचं मध्ययुग आणि पुढे बरंच जग. दोन वर्षांत या मंडळींनी पाया न हलवता जे काम केलं, ते आजही बारकाईने बघण्यासारखं आहे.

शेताचंच घ्या. मूळ पहिल्या गेममध्ये शेतातलं अन्न संपलं की शेत गायब व्हायचं आणि व्हिलेजर तिथेच उभा राहायचा. तुम्ही लढाईत गुंतलेले असाल तर घरी चूल विझलेली. दुसऱ्या भागाने रिकाम्या बसलेल्या व्हिलेजरपर्यंत थेट नेणारं बटण दिलं. २०००च्या 'द कॉन्करर्स' या पुरवणी भागात मिलवर (अन्न जमा होतं ती इमारत) पुढच्या पेरण्या आगाऊ लावून ठेवायची सोय आली. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तर एक पर्याय चालू केला की लाकूड असेपर्यंत पेरणी आपोआप होत राहते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण एका मॅचमध्ये वीस-पंचवीस शेतं सांभाळून बघा म्हणजे कळेल.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे टाउन सेंटरची, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीची, घंटा. पहिल्या भागात शत्रूचे घोडेस्वार वस्तीत घुसले की व्हिलेजरना लपायला जागाच नाही. एकेकाला पकडून पळवायचं किंवा मरताना बघायचं. दुसऱ्यात घंटा वाजवली की लाकूडतोडे, शेतकरी, खाणीतले लोक, सगळे जवळच्या इमारतीत शिरतात. टाउन सेंटरमध्ये १५ जण मावतात आणि आत गेलेले लोक तिथून बाण सोडतात. धाड परतली की पुन्हा एक क्लिक, आणि जो तो आपापल्या कामावर! ज्याच्या हातात कुऱ्हाड होती तो त्याच झाडाकडे जातो. मात्र तेवढा वेळ सगळी कमाई थांबते, त्यामुळे चार घोड्यांसाठी घंटा वाजवायची की भालेवाले येईपर्यंत कळ काढायची, हे ठरवावं लागतं. सोय दिली, पण तिची किंमतही मोजायला लावली. हे डिझाइन मला फार मोठं वाटतं.

तटबंदीलाही तेच लागू. पहिल्यात भिंत होती, दरवाजा नव्हता! एक तुकडा मोकळा ठेवा, नाहीतर स्वतःच कोंडून घ्या. दुसऱ्यात दरवाजे आले, सैन्याच्या रचना आल्या, बाजारात भाव चढू-उतरू लागले. आणि प्रत्येक संस्कृतीला, म्हणजे खेळायला निवडता येणाऱ्या लोकसमूहाला, स्वतःचं खास सैन्य मिळालं. पहिल्यातल्या १२ संस्कृती कागदावर वेगळ्या असल्या तरी सैनिक बहुतेक तेच. दुसऱ्यातल्या मूळ १३ संस्कृतींमध्ये ब्रिटन्सचे लांब पल्ल्याचे तिरंदाज आणि मंगोलांचे घोड्यावरून बाण मारणारे मंगुदाई खेळताना हातच वेगळा चालवावा लागतो.

२०२२च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या डीएलसीवर (वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) मी सर्वाधिक वेळ घालवला. आधी 'इंडियन्स' अशी सगळ्यांची एकच मोट बांधलेली होती. तिचे हिंदुस्तानी झाले, आणि बंगाली, द्रविडियन्स, गुर्जर स्वतंत्र आले. या चौघांकडे युरोपियन नाइट नाहीत. दरवाजे फोडायच्या ओंडक्याच्या जागी चिलखत घातलेले हत्ती आहेत. द्रविडियन्सना नवं युग गाठलं की २०० लाकूड मिळतं. गुर्जर मेंढ्या कापून खाण्याऐवजी मिलमध्ये ठेवू शकतात आणि त्यातून थोडं थोडं अन्न येत राहतं, म्हणजे सुरुवातीपासूनच हिशेब बदलतो. राजेंद्र चोळाच्या कॅम्पेनमध्ये (कथेच्या ओघात खेळायच्या मोहिमांची मालिका) गंगेपर्यंतची स्वारीही आहे आणि श्रीविजयाविरुद्धची आरमारी मोहीमही. आपल्या इतिहासाला एवढ्या तपशिलाने जागा दिलेला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम मी दुसरा खेळलेलो नाही. एक मागणी मनापासून आहे : देवगिरीचे यादव. काळ अगदी बरोबर बसतो, देवगिरीसारखा किल्ला आहे, १२९६ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आहे. यादवांची स्वतंत्र संस्कृती आणि कॅम्पेन यायलाच हवी.

आता तक्रारी. सैन्याची वाट शोधण्याची अक्कल अजूनही अधूनमधून दगा देते. झाडांच्या फटीत घोडदळ अडकतं, आणि तेही ऐन हल्ल्यात. नव्या पॅचनंतर काहीतरी जुनं बिघडतंही. संस्कृती आता इतक्या झाल्या आहेत की कोणाविरुद्ध काय काढायचं हे पाठ होणं कठीण. ऑनलाइन रँक्ड (क्रमवारीसाठीच्या) मॅचमध्ये नव्या खेळाडूला सुरुवातीला सपाटून मार बसतो, त्याची तयारी ठेवा.

पहिल्या भागात काहीच उरलेलं नाही असं म्हणणार नाही. कुडाच्या झोपड्या, शत्रूला आपल्या बाजूला वळवतानाचं पुजाऱ्याचं ते 'वोलोलो', तो प्राचीन जगाचा रंग दुसऱ्यात नाही. पण तो रंगही आता वाहून आणला आहे. २०२३च्या 'रिटर्न ऑफ रोम' या डीएलसीमध्ये पहिला गेम दुसऱ्याच्या चौकटीत बसवला, रचना आणि दरवाजांसकट. पहिल्याच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्येही हे दोन्ही नव्हतं. तिथे जुन्या संस्कृतींशी खेळल्यावर मी पहिल्याची वेगळी एडिशन क्वचितच उघडतो.

नवीन असाल तर आधी फक्त मूळ गेम घ्या, डीएलसी नंतर बघा. 'आर्ट ऑफ वॉर'मधले सरावाचे धडे आधी करा, विशेषतः सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा, आणि त्यात सुवर्णपदक मिळेपर्यंत रँक्डकडे फिरकू नका. मग कॉम्प्युटरशी खेळा. जुना एआय कठीण पातळीवर फुकटचे रिसोर्सेस घेऊन खेळायचा. नवा ते करत नाही, त्यामुळे त्याच्याकडून हरलात तर रेकॉर्डिंग लावून बघा, त्याची चाल शिकण्यासारखी असते.