मातीतले वायू मोजणारा बंद चेंबरचा संच: शेतात भरवशाचा, कुरणात अपुरा

पिकाखालच्या आणि नैसर्गिक कुरणाच्या मातीतून निघणारे हरितगृह वायू मोजण्यासाठी बंद चेंबरचा जो तयार संच मिळतो, तो मी दोन्ही ठिकाणी वापरला. पिकाच्या शेतात तो भरवशाचा आहे. कुरणात मात्र झाकणाची रबरी पट्टी बदलल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नये.

संचात जमिनीत रुतवायचे कडे, त्यावर बसणारे अपारदर्शक झाकण, आतबाहेरचा दाब सारखा राखणारी बारीक नळी, तापमापक, सिरिंज आणि नमुन्यांच्या कुप्या येतात. झाकण लावल्यावर 0, 10, 20 आणि 30 मिनिटांनी आतली हवा काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून वायूचे प्रमाण किती वेगाने बदलले ते पाहायचे, अशी पद्धत आहे. कडे निदान आदल्या दिवशी बसवावे, कारण नुकत्याच तुटलेल्या मुळांमुळे आणि हललेल्या मातीमुळे सुरुवातीचे आकडे फसवे येतात.

युरिया दिल्यानंतर पाणी मिळाले आणि जमीन वाफशापेक्षा जास्त ओली राहिली की मातीच्या पोकळ्यांतला ऑक्सिजन कमी होतो, जिवाणू त्याऐवजी युरियापासून मातीत तयार झालेले नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रस ऑक्साईड सुटू लागतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवतो, म्हणून खतानंतरचे हे दिवस चुकवून चालत नाही. अशा वेळी या संचाचे चारही नमुने जवळजवळ सरळ रेषेत चढत गेले, आणि वाढच इतकी ठळक होती की किरकोळ गळतीने निष्कर्ष बदलला नसता.

कुरणात नेमके उलटे घडते. तिथली हवा खेळती असलेली माती बहुधा हवेतला मिथेन शोषून घेते, त्यामुळे झाकणाखाली त्याचे प्रमाण घटायला हवे. पण हवेतच तो दर दहा लाख भागांत सुमारे 1.9 भाग असल्याने ही घट अगदी बारीक असते. संचातली पट्टी अरुंद आणि कडक आहे. गवताची एक काडी तिच्याखाली आडवी आली तरी फट राहते, बाहेरची हवा आत शिरते, घट पुसली जाते आणि कुरण काहीच शोषत नाही असे कागदावर दिसते. विक्रेत्याला कळवले, तेव्हा गवत कापून घेण्याचा सल्ला मिळाला. तो मला मुळीच पटला नाही, कारण ज्या कुरणाचे मोजमाप करायचे त्याचीच अवस्था त्याने बदलते. रुंद, मऊ स्पंजाची पट्टी लावल्यावर मिथेनची घट स्पष्ट दिसू लागली. अशी पट्टी संचातच असायला हवी.

माहितीपुस्तिकेतली एक उणीव मला अधिक गंभीर वाटते. अपारदर्शक झाकणाखाली प्रकाशसंश्लेषण थांबते, म्हणून मिळणारा कार्बन डायऑक्साईडचा आकडा माती आणि वनस्पती यांच्या श्वसनाचा असतो, याचा तिथे उल्लेखच नाही. तो आकडा कुरणाचे निव्वळ उत्सर्जन म्हणून नोंदवला, तर कुरणावर सरळ अन्याय होतो.

उंच पिकासाठी चेंबरची उंची वाढवणारे जोडकडे वेगळे घ्यावे लागते. चराऊ कुरणासाठी एकच संच घेऊ नये, कारण गुरांचे मूत्र पडलेल्या जागी नायट्रस ऑक्साईड आजूबाजूच्या गवतापेक्षा कितीतरी अधिक निघू शकतो.