शाळेत येणारं आरोग्य पथक: तपासणी उत्तम, चिठ्ठीचा पाठपुरावा कच्चा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. 2013 साली पालघरपासून सुरू झालेली ही सेवा 18 वर्षांपर्यंत मोफत आहे. तालुक्याला जायचं म्हणजे जिथे दिवसाची मजुरी बुडते, तिथल्या मुलांसाठी एवढी मोलाची सोय दुसरी नाही.

तपासणी नीट होणं मात्र बरंचसं शाळेच्या हातात असतं. नजरेचा तक्ता 6 मीटरवरून वाचायचा असतो. वर्गात तेवढी जागा नसली की मुलाला चार मीटरवर उभं करतात आणि अधू नजरेचं मूलही सगळं वाचून जातं. आदल्या दिवशीच व्हरांड्यात टेपने मोजून खडूची रेघ मारून ठेवा. डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. दाबलेल्या डोळ्याला नंतर थोडा वेळ धूसर दिसतं. रांग तक्त्यापासून लांब हवी, नाहीतर मागची पोरं अक्षरं पाठ करून येतात. हृदय तपासायला बंद दाराची खोली द्या. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात स्टेथोस्कोपमधला बारीक आवाज हमखास निसटतो.

रक्तक्षयाबाबत नुसती पापणी ओढून बघण्यावर भरवसा ठेवू नये, सौम्य रक्तक्षय तसा कळत नाही. शंका आली तर हिमोग्लोबिन तपासून मागा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढे निळी, पोषण आहारानंतरच द्यावी. उपाशीपोटी मळमळतं आणि मग गोळी खिडकीबाहेर जाते. शौचाला काळं होतं हे पालकांना आधीच सांगितलं नाही, तर ते घाबरून गोळ्या बंद करतात.

खरी गळती पुढे होते. पुढच्या उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवणारी पथकाची संदर्भ चिठ्ठी दप्तरात चुरगळते, घरी कुणाला समजत नाही, आणि फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयातलं छिद्र यांची मोफत होणारी शस्त्रक्रिया राहून जाते. तिरळेपणात तर उशीर फार महागात पडतो. सातआठ वर्षांनंतर गेलेली नजर परत आणणं कठीण होत जातं. म्हणून चिठ्ठी मुलाच्या हाती न देता पालकांना शाळेत बोलवा, तिचा फोटो काढून ठेवा. जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी, कुणाला भेटायचं हे पथकाकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. जाताना मुलाचं आधार आणि रेशनकार्ड सोबत हवं. महिन्याने शिक्षकांनी एकदा विचारावं, जाऊन आलात का.

ऊसतोडीच्या गावांत आणखी एक पेच आहे. दिवाळीच्या सुमाराला मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, आणि पथक जानेवारीत आलं तर ज्यांना सर्वांत जास्त गरज, तीच हजेरीपटावर गैरहजर. अशा शाळांच्या मुख्याध्यापकांनी पथकाकडे जुलै-ऑगस्टमधलीच तारीख लेखी मागावी.