कॅरेट काढून नऊ महिने: रिॲक्ट नेटिव्ह ॲपमधल्या व्हर्जन पिनिंगचा अनुभव

आमचं मोबाइल ॲप रिॲक्ट नेटिव्हवर, म्हणजे जावास्क्रिप्टमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींसाठी ॲप बनवणाऱ्या फ्रेमवर्कवर चालतं. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही एका बटणावरचं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करून रिलीज काढलं, आणि अँड्रॉइडवर खालून वर सरकणारी शीट उघडली की ॲप क्रॅश व्हायला लागलं. डीबग बिल्डमध्ये सगळं ठीक, रिलीजमध्येच घोटाळा. कोडमधला फरक होता एका शब्दाचा. दोन तास आम्ही त्या बिचाऱ्या शब्दाकडे संशयाने बघत बसलो. शेवटी मागच्या रिलीजची आणि या रिलीजची लॉक फाइल (कुठल्या लायब्ररीचं नेमकं कुठलं व्हर्जन उतरवलं त्याची यादी) शेजारी शेजारी लावली तेव्हा उलगडा झाला. कुणीतरी मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवायचा कंटाळा करून लॉक फाइल उडवली होती आणि नवी बनवली होती. (हा कुणीतरी म्हणजे मीच, हे कळायला आणखी दहा मिनिटं लागली.) त्या हजारो ओळींच्या फरकात ॲनिमेशनच्या लायब्ररीचं एक मायनर व्हर्जन गुपचूप पुढे सरकलं होतं.

सोमवारी पॅकेज डॉट जेसनमधली, म्हणजे आम्ही मागवलेल्या पॅकेजेसच्या यादीतली, सगळी कॅरेट (^) चिन्हं काढली. कॅरेट असलं की लिहिलेल्याच्या पुढचं सुसंगत व्हर्जनही चालतं; काढलं की व्हर्जन पिन होतं, म्हणजे नेमकं तेच उतरतं. जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएमच्या सेटिंगमध्ये 'सेव्ह एक्झॅक्ट' चालू केलं, म्हणजे नवं पॅकेज टाकतानाही कॅरेट लागणार नाही. बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'च्या जागी 'एनपीएम सीआय' आणलं. या शेवटच्या बदलाचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. 'सीआय' नोड मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) पुसून लॉक फाइलमध्ये आहे तेवढंच उतरवतं, आणि पॅकेज डॉट जेसनशी लॉक फाइल जुळत नसेल तर तिथेच थांबतं. आज कुणी विचारलं की दोनातलं एकच करायचं तर काय, तर मी डोळे झाकून 'सीआय' म्हणेन. कॅरेट काढल्याने तुम्ही थेट मागवलेली पॅकेजेस बांधली जातात, पण आमची अशी साठेक आहेत आणि त्यांच्या पोटात शिरून आलेली हजारावर. त्यांना धरून ठेवते ती लॉक फाइलच.

एक गैरसमज मात्र लवकर मोडला. मला वाटायचं, कॅरेट म्हणजे रिॲक्ट नेटिव्हसुद्धा आपोआप उड्या मारणार. तसं नाही. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनला कॅरेट फक्त शेवटचा आकडा बदलू देतं, ०.७६ वरून ०.७७ वर नेत नाही. आणि रिॲक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये खुलं झाल्यापासून शून्यातच आहे. धोका होता तो भोवतीच्या लायब्ऱ्यांचा.

पहिल्या दोन महिन्यांत इतकं शांत होतं की आम्ही निर्धास्त झालो. मग नेटिव्ह बाजू, म्हणजे अँड्रॉइड आणि आयओएसचा स्वतःचा भाग, आठवली. ४ नोव्हेंबर २०२२ चा प्रकार जुन्या लोकांच्या लक्षात असेल. तेव्हाच्या टेम्प्लेटमध्ये ग्रेडल (अँड्रॉइड बिल्ड करणारं साधन) फाइलीत रिॲक्ट नेटिव्हच्या व्हर्जनच्या जागी नुसतं अधिकचं चिन्ह असायचं, म्हणजे सगळ्यात नवं मिळेल ते घ्या. ०.७१ चा रिलीज कँडिडेट (पक्क्या रिलीजआधीचं चाचणीचं व्हर्जन) मेव्हन सेंट्रल या ग्रेडलच्या कोठारावर चढला आणि जुन्या प्रोजेक्टची अँड्रॉइड बिल्ड्स कुणी एक ओळही न बदलता फुटायला लागली. जावास्क्रिप्टकडे सगळं घट्ट बांधलेलं असून उपयोग शून्य, कारण ग्रेडल आपला माल स्वतःच आणत होतं. जुन्या व्हर्जन्ससाठी वेगळे पॅच काढावे लागले होते. हे आठवून मी नोड मॉड्यूल्समधल्या ग्रेडल फाइलींत ते चिन्ह शोधलं, तर दोन छोट्या लायब्ऱ्यांमध्ये जसंच्या तसं बसलेलं! त्यांची व्हर्जन्स आम्ही मुळातल्या ग्रेडल फाइलीतून सक्तीने ठरवून दिली आणि ग्रेडलला सांगितलं की अशी सैल व्हर्जन्स दिसली तर बिल्डच पाड.

आयओएसकडे पॉडफाइल डॉट लॉक, म्हणजे तिकडची लॉक फाइल, गिटमध्ये होतीच, पण तिकडच्या लायब्ऱ्या आणणाऱ्या कोकोपॉड्सचं स्वतःचं व्हर्जन प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं. त्यामुळे रोज कुणाच्या तरी कमिटमध्ये त्या फाइलीची शेवटची ओळ इकडून तिकडे उडी मारायची. कोकोपॉड्सचं व्हर्जन ठरवणारी जेमफाइल आणली, तेच व्हर्जन चालवणाऱ्या 'बंडल एक्झेक'ची सवय लावली, थांबलं. नोडचं व्हर्जनही फाइलीत लिहून टाकलं.

आता अपग्रेडबद्दल, कारण खरी दमछाक तिथे आहे. बांधून ठेवलं की सगळं जागच्या जागी राहतं, आणि जागच्या जागी राहिलेलं सडतं. म्हणून रेनोव्हेट हा नवी व्हर्जन्स शोधून बदल सुचवणारा बॉट लावला. पहिल्याच आठवड्यात पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारायच्या विनंत्यांचा) असा पूर आला की कुणीच एकही उघडेना. मग मर्यादा घातली, गट पाडले आणि दर दुसऱ्या मंगळवारची अर्धी सकाळ राखून ठेवली. गटांचा धडा रिॲक्टनेच दिला: बॉटने एकट्या रिॲक्टला १९.० वरून १९.१ वर नेलं आणि ॲप उघडताच लाल स्क्रीन. रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्हमधला रेंडरर यांची व्हर्जन्स तंतोतंत जुळावी लागतात. आता ही जोडी बॉटच्या हाती नाही. तो टप्पा आम्ही अपग्रेड हेल्पर या दोन व्हर्जन्समधला फरक दाखवणाऱ्या साइटवरचा फरक समोर ठेवून हाताने करतो.

नवं व्हर्जन आलं की सात दिवस थांबायचं, असाही नियम आहे. तो घातला तेव्हा टीममध्ये कुरकुर झाली होती. पण ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबगसारख्या, जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुठेतरी दडलेल्या पॅकेजेसची विषारी व्हर्जन्स एनपीएमवर चढली आणि साधारण दोन तासांत उतरवली गेली, ती बातमी सगळ्यांनी वाचली आहे. कुरकुर आता नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र या नियमातून वगळलं आहे, नाहीतर कुलूप लावून किल्ली बाहेर ठेवल्यासारखं झालं असतं.

पिनिंगचं ज्याच्यापुढे काहीच चालत नाही ते म्हणजे स्टोअरचं कॅलेंडर. अँड्रॉइड १५ ला टार्गेट करणाऱ्या ॲप्ससाठी गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी मेमरी पेजचा आधार सक्तीचा केला. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तो ०.७७ पासून आहे, आम्ही ०.७८ वर होतो, म्हणून निवांत. तपासलं तेव्हा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या एका लायब्ररीची डॉट एसओ (कंपाइल केलेली) फाइल जुन्याच मांडणीची निघाली, आणि त्या लायब्ररीचं नवं रिलीज दोन वर्षांत आलेलं नव्हतं. पिन केली म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. ती काढून दुसरी बसवायला सहा दिवस गेले.

दुसरी तक्रार किरकोळ, पण रोजची. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही. एखादं व्हर्जन मुद्दाम मागे का ठेवलंय, हे त्या ओळीशेजारी लिहायची सोय नाही. सहा महिन्यांनी 'पॅच पॅकेज'चे, म्हणजे दुसऱ्यांच्या लायब्ररीत आम्ही केलेल्या दुरुस्त्या जपणाऱ्या साधनाचे, तीन पॅच सापडले, त्यातला एक कशासाठी होता ते चौघांपैकी कुणालाच आठवेना. काढून पाहिला, काही बिघडलं नाही. निदान अजून तरी नाही. आता रिपोमध्ये 'पिन का' नावाची साधी फाइल आहे: पॅकेज, कारण, इश्यूची लिंक, पुन्हा बघायची तारीख.

अडचणी कमी झाल्या का? खरं सांगायचं तर फारशा नाहीत. लायब्ऱ्या तशाच मोडतात, फक्त मंगळवारी सकाळी, एका वेगळ्या ब्रँचवर, आणि काय बदललं ते ठाऊक असताना. नऊ महिन्यांत शुक्रवारचं रिलीज एकदाही मागे घ्यावं लागलं नाही.

एक्सकोड, म्हणजे आयओएस ॲप बिल्ड करायचं ॲपलचं साधन, अजून आवाक्याबाहेर आहे. बिल्ड सर्व्हरवर कुठलं वापरायचं ते ठरवून ठेवलंय, पण लॅपटॉपवर ते आपोआप अपडेट होतं आणि मग एक पॉड कंपाइल होत नाही. 'पिन का' फाइलीत सगळ्यात वरची नोंद तीच आहे, आणि तिची 'पुन्हा बघायची तारीख' मी आतापर्यंत तीनदा पुढे ढकलली आहे.