कोकणच्या पावसाळ्यात कॅम्पर व्हॅन: झडपा उघड्या ठेवाव्यात की गाडी गच्च बंद करावी?

मे संपत आला की आमच्या देवगडात होड्या वर ओढून शाकारायला घेतात. त्याच दिवसांत आमच्या अंगणात कॅम्पर व्हॅनची, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीची, आगोट (पावसाळ्याआधीची तयारी) सुरू होते, कारण जून ते सप्टेंबर ती जागची हलत नाही. हल्ली मुंबई-पुण्याचे बरेच जण अशी गाडी गावच्या घरी ठेवून जातात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आत हवा खेळती ठेवायची, की सगळं बंद करून आतली ओल शोषून घ्यायची? तीन पावसाळ्यांत मी दोन्ही करून पाहिलं आहे.

या विषयावरचा बहुतेक सल्ला थंड देशांतला असतो. तिकडे गाडी हिवाळ्यात ठेवतात आणि छतावरची झडप थोडी उघडी ठेवायला सांगतात. तिथे ते बरोबरच आहे. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते. ती हवा गाडीत शिरून १० अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता निम्म्यावर येते आणि ती आतली ओल घेऊन बाहेर पडते. आपल्याकडे जुलैत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर त्याच घनमीटरात २३ ग्रॅम वाफ असते. झडपेतून येणारी हवा काही वाळवत नाही, उलट स्वतःचंच पाणी आणून ठेवते. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पावसाच्या सरीने टप दोन अंशांनी गार झाला, तरी आतून थेंब धरायला लागतात.

पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. झडपा उघड्या ठेवल्या, जाळ्या लावल्या आणि निर्धास्त राहिलो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दार उघडलं तर आत कुबट वास कोंडलेला. गाद्या वरून ठीक दिसत होत्या. उलटल्यावर प्लायला टेकलेली अख्खी बाजू पांढरट-हिरव्या बुरशीने भरलेली निघाली. चमच्यांचा ड्रॉवर फुगून असा बसला होता, की तो काढताना पट्टीच सुटून हातात आली.

तरीही झडपा उघड्या ठेवणं सरसकट चूक नाही. गाडीला कुठे गळती असेल आणि चार महिने कोणी दार उघडून पाहणार नसेल, तर मी आजही हवा खेळतीच ठेवीन. बंद गाडीत शिरलेलं पाणी कुजत राहतं, खेळत्या हवेत निदान उघडीप पडेल त्या दिवशी थोडं सुकतं. शेजारचे आबा होडी शाकारताना म्हणतात, "खालसून वारो खेळाक व्हयो." ते गाडीलाही लागू आहे, फक्त आतलं सामान त्या हिशोबाने हवं. गाद्या, पडदे, कपडे, चामड्याच्या वस्तू घरात माळ्यावर न्यायच्या. कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे टाकायचे. झडपेवर वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस अडवणारी टोपी आणि मुंग्या शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावायची. सोलरवरचा पंखा बसवावा का? माझा अनुभव फारसा चांगला नाही. झड लागली की पॅनलवर ऊनच नसतं, आणि पंखा फिरला तरी तीच दमट हवा फिरवतो.

आता गच्च बंद करण्याबद्दल. दहाएक घनमीटरच्या गाडीतल्या हवेत सगळं मिळून पाव लिटरच्या आत पाणी असतं. ते काढणं अवघड नाही. खरं पाणी स्पंज, प्लाय आणि कापडात मुरलेलं असतं, म्हणून मे महिन्याच्या उन्हात सगळं कडकडीत वाळवूनच गाडी बंद करायची. त्यानंतर दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांचा, हा क्षार हवेतली ओल शोषतो. हे डबे स्वस्त, त्यांना वीज लागत नाही. पण ओल शोषली की त्यांचं खारं पाणी होतं. ते सांडलं तर पत्रा आणि वायरींची टोकं खातं. डबा रुंद टबात ठेवा आणि दर दहा-पंधरा दिवसांनी कोणी बघेल अशी सोय करा. डबा भरला आणि कोणी बदलला नाही, की तो असून नसल्यासारखा.

दुसरा मार्ग म्हणजे डिह्युमिडिफायर, हवेतली ओल ओढून तिचं पाणी करणारं विजेवरचं यंत्र, आणि माझं मत त्याच्याच बाजूने आहे. थंडीत कॉम्प्रेसरवाल्या यंत्रावर बर्फ धरतो, म्हणून तिकडचे लोक त्याला नावं ठेवतात. आपल्या २७ अंशांत तेच यंत्र उत्तम चालतं. २५० वॅटचं यंत्र दिवसात आठ तास चाललं तर २ युनिट, चार महिन्यांचे २४० च्या आसपास. आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर लावली की बुरशी धरत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा: पाणी नळीने बाहेर सोडता आलं पाहिजे, आणि वीज जाऊन आली की यंत्र आपोआप सुरू झालं पाहिजे. पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. बटणाच्या यंत्रात हे नीट विचारून घ्या, फिरवायच्या खटक्याचं यंत्र आपणहून चालू होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही एकत्र करणं. झडप उघडी आणि आत डबे किंवा यंत्र, म्हणजे अख्ख्या अरबी समुद्राची हवा वाळवायला बसणं. दुसऱ्या वर्षी मी हेच केलं, आणि डबे आठवड्याभरात काठोकाठ भरले.

गाडी बंद करताना तळाशी असलेलं गॅसचं भोक मात्र कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर जातो. सिलिंडर काढूनच ठेवलेला बरा. लेड-ॲसिड बॅटरी चार्जरवर ठेवणार असाल, तर तिच्या कप्प्याला बाहेरची हवा हवीच, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

दोन्हीपैकी काहीही निवडा, वर छप्पर हवं. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली तर खाली ओल कोंडते आणि वाऱ्यात रंग घासला जातो. पत्र्याची साधी शेड किंवा टपापासून हातभर वर बांधलेला मांडव पुष्कळ चांगला. नारळाखाली गाडी लावू नका, आणि मातीऐवजी जांभ्याच्या फरशीवर उभी करा.

सांगली-मिरजेकडे कोणी नातेवाईक असेल तर तिसरा मार्गही आहे. तिथला पाऊस कोकणाच्या जेमतेम पाव हिश्श्याचा. तिथे झडपा उघड्या ठेवण्याचा सल्ला बऱ्यापैकी चालतो. मात्र जागा नदीपासून लांब आणि उंचावर बघा, २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. आंबोली किंवा गगनबावड्याला गाडी ठेवायचं तर नावच काढू नका.

तुमचा निर्णय वीज आणि माणूस या दोन गोष्टींवर ठरेल. वीज असेल आणि महिन्यातून दोनदा कोणी डोकावणार असेल, तर बंद करून यंत्र लावा. माणूस आहे पण वीज नाही, तर बंद करून डबे ठेवा. दोन्ही नसेल तर गाडी रिकामी करून झडपा उघडा. काहीही केलंत तरी चारपाचशे रुपयांचा आर्द्रतामापक आत काचेजवळ ठेवा, आकडा बाहेरून वाचता येईल असा. आमच्या वहिनी तुळशीला पाणी घालायला जाताना तो बघतात आणि ७० च्या वर गेला की मला फोन करतात.